होया, लिपस्टिक, ख्रिसमस कॅक्टस: वेल वाढते पण फुलत का नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे की घरात खिडकीजवळ तीन टांगत्या कुंड्या आहेत, एकात होया, एकात लिपस्टिक प्लांट आणि एकात ख्रिसमस कॅक्टस. तिन्ही हिरवीगार, वेली चांगल्या दीड-दोन फूट खाली लोंबतायत, पण होयाला आणल्यापासून एकही फूल नाही, लिपस्टिकला वरून टक्कल पडलंय, आणि कॅक्टसला कळ्या येतात पण उमलायच्या आधीच गळतात. खत देऊन झालं, कुंडी मोठी करून झाली, दर दोन महिन्यांनी छाटणी पण चालू आहे. आता अजून काय करू? आणि नवीन घ्यायचं तर कुठलं घेऊ, घरात मांजर पण आहे.

जरा लांबलचक लिहितेय, कारण या तिघांचं दुखणं वेगवेगळं आहे आणि तुम्ही तिघांना एकच औषध पाजताय.

"दर दोन महिन्यांनी छाटणी" हे वाचलं आणि मी तिथेच थांबले. लोंबत्या फुलझाडाला कात्री लावायच्या आधी एवढंच बघायचं की याला फूल येतं कुठे. जुन्या वेलीवर, नव्या शेंड्यावर, की पानाच्या बेचक्यात? हे माहीत नसेल तर छाटणी म्हणजे अंधारात दगड मारणं. मनीप्लांटसारखं नुसत्या पानांचं झाड असेल तर कुठेही कापा, काही बिघडत नाही, उलट दाट होतं. पण फुलझाडात चुकीच्या जागी कापलं की तुम्ही पुढच्या मोसमाची फुलंच कापून कचऱ्यात टाकता, आणि झाड बिचारं पुन्हा पहिल्यापासून तयारी करतं, आणि ती तयारी पूर्ण व्हायच्या आत तुम्ही परत कात्री घेऊन हजर.

आधी होया घेते कारण सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर होतो. होयाच्या फुलांचा झुपका एका बारक्या दांडीच्या टोकाला येतो. फुलं वाळून गळाली तरी ती दांडी वेलीवरच राहते. ती जवळून बघितलीत तर दिसेल, बोडकी, एक-दोन सेंटीमीटरची, बरेचदा करडट हिरवी किंवा तपकिरी, टोकाला बारीक बारीक खवल्यांसारख्या वळ्या वळ्या. त्या वळ्या म्हणजे आधीच्या फुलांच्या जागा. बघणाऱ्याला वाटतं वाळकी काडी आहे, मोडून टाकू. आणि नेमका पुढचा झुपका त्याच टोकातून यायचा असतो. जुन्या होयावर एकेक दांडी वर्षानुवर्षं फुलते आणि प्रत्येक बहराला थोडी थोडी लांब होत जाते. म्हणून फुलं झाली की फक्त वाळलेली फुलं हाताने झटकायची, दांडीला हात लावायचा नाही. काही थोड्या जाती आहेत ज्या स्वतःहून दांडी टाकतात, त्यांची चिंता करू नका, पण घरोघरी जो दिसतो तो होया कार्नोसा, जाड मेणचट पानांचा, तो दांडी जपणारा आहे.

दुसरा अन्याय म्हणजे होयाची "बिनपानाची दोरी". होया अधूनमधून फूटभर, कधी दोन-तीन फूट लांब अशी नुसती दोरी सोडतो, तिच्यावर पानं जवळजवळ नाहीतच. लोकांना ती विचित्र दिसते, झाडाचा आकार बिघडवते वगैरे, म्हणून छाटतात. तुमच्या दोन महिन्यांच्या छाटणीत पहिला बळी हीच जात असणार, मी पैजेवर सांगते. होया मुळात झाडावर चढून राहणारा वेल, ती दोरी आधार शोधायला निघालेली असते. आधी दोरी जाते, मग मागून तिच्यावर पानं भरतात, आणि मग बरेचदा याच नव्या वेलीच्या बेचक्यात फुलाची दांडी धरते. तेव्हा दोरी आवडत नसेल तर हलक्या हाताने परत कुंडीकडे वळवा, कुंडीच्या हुकाच्या दांड्याला गुंडाळा, रिंग करून बांधा, पण कापू नका. कापलंत तर पांढरा चीक येईल, होया रुईच्या कुळातलाच आहे ना, तो चीक कपड्यावर, डोळ्यात जाऊ देऊ नका.

आणि वय. कटिंगपासून लावलेला होया फुलायला सहज दोन-तीन वर्षं घेतो, काही जाती त्याहून जास्त. तुमचा किती जुना आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये. लहान असेल तर त्याचं काही चुकत नाहीये. (जाता जाता, ते जे एकच हार्ट शेपचं पान छोट्या कुंडीत खोचून मिळतं, होया केरीचं, त्याला देठासोबत वेलीचा डोळा आला नसेल तर ते पान वर्षानुवर्षं हिरवं राहील पण त्याचा वेल कधीच होणार नाही. फुलं तर विसराच. घ्यायचंच असेल तर निदान दोन पानं आणि मधे वेलीचा तुकडा असलेलं घ्या.)

आता प्रकाश, कारण होया न फुलण्याचं कात्रीनंतरचं सगळ्यात मोठं कारण तेच, आणि तुमच्या लिपस्टिकचं टक्कल पण त्यातूनच आलंय असा माझा अंदाज आहे.

आपले डोळे प्रकाशाच्या बाबतीत फार फसवतात. बाहेर भर दुपारी उन्हात १ लाख लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपास प्रकाश असतो. त्याच वेळी खिडकीला अगदी चिकटून, थेट ऊन नसेल तर काही हजार. आणि खोलीच्या मध्यभागी, जिथे आपण आरामात पेपर वाचतो आणि म्हणतो की काय छान उजेड आहे, तिथे बरेचदा ३००-४०० च असतो. आपल्या बाहुल्या मोठ्या होतात म्हणून आपल्याला फरक कळत नाही, झाडाला तेवढा लगेच कळतो. एक-दीड हजार लक्सवर होया मरत नाही, पानं धरून राहतो, थोडा वाढतो पण, आणि म्हणूनच गैरसमज होतो की सगळं ठीक आहे. फुलायला त्याला दिवसातले काही तास आठ-दहा हजारांच्या घरात प्रकाश लागतो. सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास थेट मिळालं तर उत्तम. मोबाईलवर लक्स मोजायचं फुकट अ‍ॅप मिळतं, ते काही प्रयोगशाळेचं मशीन नाही पण दोन जागांमधला फरक दाखवायला पुरेसं आहे. कुंडीच्या जागी फोन धरा, स्क्रीन खिडकीकडे करून, आणि मग दोन फूट मागे धरा. आकडा किती पडतो ते बघून बऱ्याच जणांची बोलती बंद होते.

आता टांगत्या कुंडीची खास गंमत. लोक हुक छताला मारतात आणि साखळी आखूड ठेवतात, कारण वेल लांब लोंबलेली छान दिसते. त्यामुळे होतं काय की कुंडीचा काठ खिडकीच्या वरच्या चौकटीच्याही वर जातो. खिडकीतून प्रकाश येतो तो खाली, लोंबत्या वेलीवर पडतो, आणि कुंडीच्या तोंडापाशी, जिथून नवे फुटवे यायचे, तिथे सावली. मग वरची जुनी पानं गळतात, नवे फुटवे फुटत नाहीत, खाली टोकाला मात्र पानांचा झुबका. हेच ते टक्कल. माणसं त्यावर खत घालतात, हार्मोन घालतात, पण साखळी एक फूट लांब करत नाहीत. करा. कुंडीचा काठ खिडकीच्या चौकटीपेक्षा निदान वीतभर खाली यायला हवा, म्हणजे मातीवर पण उजेड पडेल. आणि दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवा, म्हणजे मागची बाजू पण भरेल. फक्त कळ्या धरल्या की फिरवणं बंद, ते पुढे सांगते.

लिपस्टिकवर येते. याचं शास्त्रीय नाव एस्किनँथस, आग्नेय आशियातल्या दमट जंगलातलं झाडांवर वाढणारं झाड. याचं फूल येतं वेलीच्या शेंड्याला. म्हणजे होयाच्या अगदी उलटा हिशोब आहे. जेवढे शेंडे जास्त तेवढी फुलं जास्त, म्हणून याला छाटणी मानवते, पण वेळ बघून. बहर संपला की लगेच कापायचं, प्रत्येक वेल पाच-सहा इंच ठेवून, मग झाडाकडे नवे शेंडे काढून ते पिकवायला पुरेसे महिने राहतात. दर दोन महिन्यांनी कापत राहिलात तर प्रत्येक वेळी शेंडा तयार व्हायच्या आत गेला, हे साधं गणित आहे.

तुमच्या टकलावर उपाय असा. सगळ्या वेली एकदम कापू नका, घाबरेल. निम्म्या वेली आता कापा, उरलेल्या दीड-दोन महिन्यांनी, वरून नवे फुटवे दिसल्यावर. कापलेल्या वेलींचे शेंड्याकडचे चार-चार इंचांचे तुकडे करा, खालची दोन-तीन पेरं मोकळी करा आणि त्याच कुंडीत, टक्कल आहे तिथेच, पेन्सिलने भोक पाडून खोचा. सहा-सात तुकडे खोचा, एखाददुसरा जाईल. माती ओलसर ठेवा, चिखल नको, तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात, हलकंसं ओढून बघितलं की धरून ठेवल्यासारखं वाटतं. ज्या वेली कापायला जीव होत नाही त्या मागे वळवून मातीवर टेकवा आणि पेराच्या जागी यू आकारात वाकवलेली पेपरक्लिप किंवा केसांची पिन खोचा, तिथून पण मुळं सुटतात. हे काम वाढीच्या दिवसांतच करायचं, ऊबदार हवा असताना. थंडीत केलंत तर तुकडे नुसते बसून राहतात आणि मग कुजतात.

लिपस्टिकच्या बाबतीत अजून एक, नवीन लोक घाबरतात ते. आधी शेंड्याला गडद चॉकलेटी-मरून रंगाच्या नळ्या येतात आणि कित्येक दिवस तशाच राहतात. ते फूल नाही, ते बाहेरचं आवरण. लाल फूल त्यातून नंतर हळूहळू वर येतं. अधेमधे नळ्या आहेत पण फूल कुठे असं वाटून खत वाढवू नका, थांबा. आणि याला फुलायच्या आधी थोडा ताण लागतो, महिनाभर जरा थंडावा आणि पाणी थोडं हात राखून दिलं तर कळ्या चांगल्या धरतात. हात राखून म्हणजे कोरडं खडखडीत नाही हां, याची पानं पातळ असतात होयापेक्षा, पूर्ण सुकलं की भराभर पानं टाकतो, आणि मग आपण घाबरून बादलीभर पाणी ओततो, की अजून टाकतो.

आता ख्रिसमस कॅक्टस. याला कॅक्टस म्हणतात म्हणून लोक रेतीत लावतात, कडक उन्हात ठेवतात आणि पंधरा दिवसांनी घोटभर पाणी देतात. हा वाळवंटातला नाहीच. ब्राझीलच्या आग्नेय किनाऱ्यालगतच्या डोंगरांत, दमट जंगलात, झाडांच्या फांद्यांवर आणि खडकांच्या खाचांत वाढतो. दुपारचं ऊन लागलं की पेरं लालसर होतात, ते त्याचं "पुरे" म्हणणं समजा. फूल येतं शेवटच्या पेराच्या टोकाला.

याचं फुलणं रात्रीवर अवलंबून आहे. दिवस-रात्रीच्या लांबीवर झाडाचं फुलणं ठरतं हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवलं, आणि हा कॅक्टस त्याच गटातला, मोठी रात्र मागणारा. साधारण सहा आठवडे रोज रात्री १२ तासांपेक्षा जास्त, शक्यतो १३-१४ तास, सलग अंधार लागतो. सलग हा शब्द महत्त्वाचा. रात्री अकरापर्यंत ट्यूबलाईट चालू असलेल्या हॉलमध्ये तो अंधार मिळत नाही, खिडकीसमोर रस्त्याचा दिवा असेल तरी नाही. ज्या खोलीत संध्याकाळनंतर कोणी जात नाही तिथे ठेवा किंवा संध्याकाळी सहाला वरून काळं कापड टाकून सकाळी आठला काढा. हवा थंड असेल, रात्री १० ते १५ अंशांच्या मधे, तर रात्रीच्या लांबीचं एवढं मनावर घेत नाही, थंडीनेच कळ्या धरतो. आणि रात्री पण गरम असेल, २४-२५ अंशांच्या वर, तर अंधार देऊनही हट्टाने बसून राहतो.

इथे एक भानगड होते जी फार कोणी सांगत नाही. होया फुलत नाही म्हणून कोणीतरी ग्रो लाईट घ्यायला सांगतं, तो टायमरवर १४ तास लावतात, आणि शेजारच्याच हुकाला ख्रिसमस कॅक्टस. होया खूश, कॅक्टस कायमचा बंद. दोघांना एका दिव्याखाली ठेवू नका, निदान ते सहा आठवडे तरी नाही. दिवा घ्यायचाच असेल तर पांढरा फुल स्पेक्ट्रम एलईडी घ्या, कुंडीच्या वरून फूटभर अंतरावर, १२ तास पुष्कळ झाले. जांभळ्या-गुलाबी उजेडाच्या दिव्यांनी काही वेगळी जादू होत नाही, फक्त घर विचित्र दिसतं आणि पानावरची कीड दिसत नाही.

पण तुमच्या कॅक्टसला कळ्या येतायत, म्हणजे अंधार त्याला मिळतोय, तुमची अडचण पुढची आहे. कळ्या दिसल्या की माणूस खूश होऊन कुंडी उचलतो आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी आणून ठेवतो. नवी जागा, वेगळा उजेड, वेगळी हवा, आणि कळ्या पटापट खाली. कळ्या तांदळाच्या दाण्याएवढ्या झाल्यापासून कुंडी हलवायची नाही, फिरवायची नाही, पंख्याच्या किंवा एसीच्या थेट वाऱ्यात ठेवायची नाही. पाणी या काळात कमी पडू देऊ नका, एकदा जरी पूर्ण सुकलं तरी कळ्या जातात. आणि पिकलेल्या फळांची टोपली जवळपास असेल तर ती हलवा, पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कळ्या गळतात. सजावट म्हणून डायनिंग टेबलावर फळांच्या शेजारी ठेवलेला कॅक्टस हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता कळ्या गळतात म्हटलं की मी आधी तेच विचारते. कळ्या भरमसाठ आल्या असतील तर त्यातल्या काही तो स्वतःच टाकतो, तेवढं चालायचंच.

याची छाटणी पण कात्रीने करायची नाही. बहर संपून महिना झाला की टोकाची एक-दोन पेरं हाताने पिळून काढायची, सांध्यावर अलगद सुटतात. जिथून काढलं तिथून दोन फुटवे येतात आणि पुढच्या वेळी फुलांची टोकं दुप्पट. त्यानंतर मात्र हात मागे, कारण कळ्या धरायच्या बेताला पेरं काढलीत तर तीच फुलं गेली. काढलेली पेरं दोन-तीनच्या जोडीने एक-दोन दिवस सावलीत सुकवून मातीत खोचा, लागतात.

कुंडी मोठी केलीत म्हणालात, ती कशाला केलीत? होया आणि ख्रिसमस कॅक्टस दोघांनाही मुळं जरा आवळलेली आवडतात. ही सगळी झाडांच्या खाचांत, मूठभर पालापाचोळ्यात जगणारी मंडळी. मोठी कुंडी म्हणजे जास्त माती, जास्त माती म्हणजे मुळं पोचत नाहीत तिथे साचलेला ओलावा, आणि मग मुळं कुजणं. मुळं खालच्या भोकातून बाहेर यायला लागली, पाणी घातल्या घातल्या आरपार जायला लागलं, की मगच बदला आणि फक्त एक इंच मोठी घ्या. आता केलीच आहे तर परत काढू नका, मात्र पाणी कमी करा.

मिश्रण म्हणाल तर नुसती बागेची माती टांगत्या कुंडीत नकोच, जड होते आणि दगडासारखी बसते. होयाला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाईट (पांढरे हलके खडे) आणि ऑर्किडला वापरतात ती झाडाची साल, तिन्ही सारखे. लिपस्टिकला कोकोपीट जरा जास्त. कॅक्टसला यांच्यातच मूठभर गांडूळखत. कोकोपीट चांगलं धुऊन घ्या, न धुतलेल्यात मीठ असतं आणि पानांची टोकं जळतात.

पाण्याचं वेळापत्रक विचारू नका, नसतं ते. कुंडी खालून हाताने उचलून वजन बघा, पाणी दिल्यावर आणि सुकल्यावर, दोन-चार वेळा केलं की हाताला कळायला लागतं. होयासाठी अजून सोपी खूण, एक जुनं पान दोन बोटांत धरून हलकं वाकवा. ताठ असेल, मोडेल असं वाटलं, तर पाणी आहे. मऊपणे दुमडलं तर तहान लागलीय. लिपस्टिकला वरचा एक इंच सुकला की द्या. कॅक्टसचं साधारण तसंच, फक्त बहर संपल्यावर महिनाभर कमी. आणि हो, प्लास्टिकच्या टांगत्या कुंड्यांना खाली जी ताटली क्लिपने चिकटवलेली असते ना, ती निम्म्या झाडांची मारेकरी आहे. कुंडी डोक्याच्या वर, ताटलीत पाणी साचलंय ते दिसतच नाही, मुळं दिवसेंदिवस त्यात. ताटली काढून टाका, पाणी द्यायला कुंडी खाली उतरवा, मोरीत किंवा बादलीवर ठेवून भरपूर पाणी घाला, पूर्ण निथळू द्या आणि मग परत टांगा. कंटाळा येतो मान्य आहे. पण खाली उतरवल्यामुळे झाड डोळ्यांसमोर येतं, पानांच्या मागे बघून होतं, आणि कीड वेळेत सापडते. कधी मिश्रण इतकं सुकतं की पाणी कडेने वाट काढून खाली निघून जातं आणि मधला गड्डा कोरडाच, अशा वेळी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवा.

खतावर मी फार लिहिणार नाही, कारण न फुलण्याचं कारण क्वचितच खत असतं. नत्र जास्त झालं की पानंच पानं, वेल लांब, फूल नाही, आणि तुमचं वर्णन थोडं तसंच वाटतंय. पाण्यात विरघळणारं संतुलित खत, डब्यावर लिहिलेल्याच्या निम्म्या मात्रेत, वाढीच्या दिवसांत तीन आठवड्यांनी एकदा. थंडीत बंद. फुलांसाठी म्हणून फॉस्फरसचे डोस ओतू नका, अंधारात ठेवलेल्या झाडाला फॉस्फरस पाजून फुलं येत नाहीत. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा नुसतं साधं पाणी भरपूर सोडून साचलेले क्षार धुऊन काढा.

कीड. या तिन्हींवर मुख्य शत्रू पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. कापसाचे बारीक ठिपके, पानाच्या बेचक्यात, होयाच्या दांडीच्या वळ्यांत, कॅक्टसच्या सांध्यात. कापसाच्या बोळ्याला ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकेक टिपून काढा, आठवड्याने परत, आणि मग परत, कारण अंडी एकदम संपत नाहीत. एकदा करून सोडलंत तर काही उपयोग नाही. निमतेल फवारायचं तर संध्याकाळी, उन्हात नाही, आणि फुला-कळ्यांवर अजिबात नाही. होयाच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा पण येतो, तोच जो रुईवर दिसतो, तो नळाखाली धरून धुतला तरी जातो. जमिनीवर चिकट थेंब पडलेले दिसले तर आधी वर बघा. होया फुललेला असेल तर तो त्याचा मध आहे, फुलांतून अक्षरशः ठिबकतो, काही काळजी नको, खाली कागद अंथरा. फुललेला नसेल आणि तरी चिकट असेल तर खवले कीड किंवा मिलीबग कुठेतरी बसलाय, शोधा.

नवीन कुठलं घेऊ असं पण शेवटी विचारलंय. सरळ सांगते, पेटुनिया आणि लोंबतं जिरेनियम घरात घेऊ नका, त्यांना बाहेरचं ऊन लागतं, आत महिन्याभरात केविलवाणी होतात. फुशिया दिसायला सगळ्यात सुंदर आणि घरात सगळ्यात त्रासदायक, गरम हवा सहन होत नाही, पांढरी माशी लगेच लागते, थंड हवेत राहत असाल तरच. फुशियाला फूल नव्या वाढीवर येतं, म्हणून त्याचे शेंडे सुरुवातीला खुडत राहायचे आणि मग खुडणं थांबवून साधारण दोन महिने वाट बघायची. स्ट्रेप्टोकार्पस सॅक्सोरम, जो स्ट्रेप्टोकार्पेला म्हणून मिळतो, तो मात्र माझा आवडता. फिकट जांभळी फुलं बारीक देठांवर हवेत तरंगल्यासारखी दिसतात, चांगल्या उजेडात वर्षातले बहुतेक महिने काही ना काही चालू असतं, आणि वाट्टेल तसा खुडला तरी रागावत नाही. तुमचा कात्री चालवायचा हात शिवशिवत असेल तर हाच घ्या. लोंबता आफ्रिकन व्हायोलेट पण छान, फक्त त्याच्या केसाळ पानांवर थंड पाणी पडलं की डाग पडतात, खालून पाणी पाजा. स्ट्रिंग ऑफ हार्ट्सला फुलं येतात पण बारीक कंदिलासारखी, जवळ जाऊन बघावी लागतात. १८८१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मेडली वुड यांना दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल नावाच्या भागात हा वेल खडकांवरून लोंबताना सापडला, म्हणून खडकावरच्यासारखंच, भरपूर उजेड आणि पाणी कमी. वेलीवर मण्यांसारख्या गाठी येतात, त्या मातीवर टेकवल्या की नवीन रोप.

घरात मांजर आहे असं लिहिलंय म्हणून, होया, लिपस्टिक, ख्रिसमस कॅक्टस आणि आफ्रिकन व्हायोलेट ही मांजर-कुत्र्यांना विषारी नाहीत, चावली तर फार तर ओकेल. जिरेनियम आणि स्ट्रिंग ऑफ पर्ल्स मात्र विषारी आहेत, ती नकोत, आणि टांगली म्हणजे मांजर पोचणार नाही अशा भ्रमात राहू नका, खाली लोंबणारी वेल तिच्यासाठी खेळणंच आहे.

तर आत्ता या आठवड्यात करायचं ते एवढंच, तिन्ही साखळ्या लांब करा, ताटल्या काढा, खत दोन महिने बंद, होयाला कात्री नाही, लिपस्टिकच्या निम्म्या वेली कापून त्याच कुंडीत खोचा. कॅक्टसला आत्ता कळ्या असतील तर त्याची साखळी पण राहू द्या, त्याला हातच लावू नका, बहर झाल्यावर बघू. आणि होयाच्या वेलीवर त्या बोडक्या दांड्या आहेत का ते शोधून फोटो टाका, एखादी जरी वाचली असेल तर वाट बघायचा काळ बराच कमी होईल.